हवा मोजायचा खेळ

मी हाडाचा भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. गंगाखेडला बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. कुलूप लावल्यावर अर्ध्या रस्त्यातून परत येऊन मी ते ओढून बघतो. गोदावरीच्या पुलावरून जाताना खाली बघत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्यापाठी लहानपणापासून आहे आणि आता आमची बऱ्यापैकी ओळख झाली आहे. पण गेल्या उन्हाळ्यात मला जे भय वाटलं ते माझ्या जिवाचं नव्हतं. ते महारुद्रच्या जिवाचं होतं, आणि त्याची मला सवय नव्हती.

महारुद्र माझा शाळेपासूनचा मित्र. तो यारी चालवतो. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर उभं करायचं यंत्र; तारेला बकेट लावून तळाचा गाळ वर ओढायचा. उन्हाळा ही त्याची सुगी. त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला पालमच्या पलीकडच्या एका वाडीत एकजण जुन्या विहिरीत पाइप काढायला उतरला आणि तळाशी आडवा झाला. त्याला काढायला भाऊ उतरला. भावाला काढायला चुलता उतरला. तिघंही गेले. संध्याकाळी प्रेतं वर काढायला महारुद्रची यारी बोलावली. दुसऱ्या दिवशी तो माझ्या दुकानात येऊन बसला, बशीत ओतून चहा प्यायला, आणि म्हणाला, "गाव सगळं वर हुबं होतं गड्या. मी असतो तं उतरलो असतो."

मी म्हणालो, मग आणखी एक प्रेत काढावं लागलं असतं. जुन्या विहिरीच्या तळाशी वायू साचतो, तो दिसत नाही, वास येईलच असं नाही, दोन श्वासांत माणूस खलास. तो हसला. कंदील खाली सोडून विझतो का बघतो म्हणाला, आसरांना नारळ फोडून उतरतो म्हणाला. विहिरीतल्या त्या देवींवर त्याचा माझ्यापेक्षा जास्त भरवसा. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "अन् दोस्त मरायलाय खाली, तव्हा वर हुबं ऱ्हायचं? थू त्या जिनगानीवर."

आमच्याकडं हे असंच आहे. विहिरीत माणूस पडला आणि तुम्ही काठावर उभे राहिलात, तर तो मेल्यापेक्षा तुम्ही उभे राहिलात हे लोक जास्त दिवस लक्षात ठेवतात. महारुद्र तर लहानपणापासून पुढं होणारा. रेल्वे फाटकावर अडकलेलं वासरू असो की पेटलेली गंजी, हा आधी घुसणार आणि मग बघणार. तो एक ना एक दिवस कुणाच्या तरी मागं उतरणार याची मला खात्री पटली, आणि माझी झोप उडाली.

आता खेळाचं सांगतो, कारण मी खेळातून त्याला अडवायचं ठरवलं. हसू नका. माझ्याकडं दुसरं काही नव्हतं.

दर रविवारी दुपारी दुकानाच्या वरच्या खोलीत आम्ही चौघं बसतो. मी, महारुद्र, उसाची शेती करणारा भागवत, आणि माझी धाकटी बहीण ईश्वरी. ती शिकवणीवर्गात विज्ञान शिकवते. खेळ तोंडी आहे. मी गोष्ट सांगत जातो: समोर किल्ला आहे, दारावर राक्षस आहे. बाकीचे एकेक पात्र घेऊन आपण काय करतो ते सांगतात, आणि जमलं की फसलं हे फासे ठरवतात. पुण्याला इंजिनिअरिंगला गेलो होतो. ते अर्धं राहिलं, हा खेळ तेवढा पुरा घेऊन आलो. खेळ चालवणाऱ्याला स्वतःला कुठंच घुसावं लागत नाही. माझ्यासारख्याला ही जागा बरी.

इतकी वर्षं आम्ही राजा-राक्षस-मंत्राचाच खेळ खेळलो. पहिल्या दिवशी महारुद्रनं हट्ट धरून आमच्या आप्पांच्या पूजेतली बेलाची पानं आणली, हळद आणली आणि सगळ्यांना बेलभंडार उचलायला लावला: मागं कुणाला टाकायचं नाही. खेळातली शपथ, पण बेल खरा. तेव्हापासून कुणी दरीत पडलं की महारुद्र मागून उडी मारायचा. आणि मी भित्रा, माझ्याच्यानं कुणाला मारवत नसे. मी प्रत्येक वेळी एखादी देवी धाडायचो, जडीबुटी सापडवायचो, साधू उभा करायचो. माझ्या राज्यात कधी कुणी मेलंच नाही. उडी मारायची खोड महारुद्रला जन्माचीच होती. पण उडी मारली की कुणीतरी झेलतं, हे त्याला माझ्या खोलीत दर रविवारी दिसत होतं. हे माझ्या ध्यानात उशिरा आलं.

त्याच सुमारास आमची जुनी गोष्ट संपली होती, आणि ईश्वरीला कधीचा विज्ञानातला खेळ हवा होता. अंतराळ, यानं, परके ग्रह. निवडायची जबाबदारी माझी. मी शोधून तीन खेळ काढले आणि माझ्याच मशिनवर छापले.

पहिला अगदी सोयीचा होता. मंत्राच्या जागी यंत्र, राक्षसाच्या जागी परग्रहावरचा प्राणी, बाकी सगळं तेच; जखमेवर एक फवारा मारला की माणूस उठून बसतो. राजा-राक्षसवाल्यांना नव्या खेळात न्यायचं तर कुणीही शहाणा माणूस हाच घेईल. दुसरा व्यापाराचा. यान घ्या, माल भरा, या ग्रहावरून त्या ग्रहावर विका. त्यात इतके तक्ते होते की भागवत म्हणाला, यापेक्षा कारखान्यावर उसाची नोंद लावणं सोपं. तिसरा खेळ पातळ होता. त्यात पराक्रमी कुणीच नाही. यानावर काम करणारी साधी माणसं, आणि मोजकी हवा. हवा संपली की माणूस मेला. उठत नाही. त्या खेळणाऱ्यानं नवं पात्र घ्यायचं किंवा घरी जायचं.

मी तिसरा निवडला. ईश्वरी म्हणाली, "अण्णा, पहिल्या दिवशी हाच? हे लोक वैतागून खेळ सोडतील." तेव्हा मी तिला खरं कारण सांगितलं. ती म्हणाली की समजावून सांगून जे होत नाही ते खेळानं कसं होईल. मला माहीत नव्हतं. पण समजावून मी थकलो होतो, आणि यारीचे हंगामाचे दिवस सुरू झाले होते.

रविवारी खेळ मांडला. हवा मोजायला मी शेंगदाणे ठेवले. ज्याच्या त्याच्यापुढं त्याची हवा. जिथं हवा नाही अशा जागी काहीही केलं की एक दाणा मला द्यायचा. सुरुवातीला नेहमीसारखीच मजा चालली. भागवतनं विचारलं, यानाला देव कोणता. मी म्हणालो, कोणताच नाही. "मग निघताना नारळ कुणाला फोडायचा?" असं म्हणून त्यानं बोलता बोलता आपल्यापुढचे दोन दाणे तोंडात टाकले. ईश्वरी म्हणाली, तू आत्ता स्वतःची हवा खाल्लीस. सगळे हसले. मीही हसलो.

मग मी त्यांना यानाच्या मागच्या कोठीपर्यंत नेलं. भागवतचं पात्र सुटा भाग आणायला आत गेलं. मी फासा टाकला आणि सांगितलं, आतली हवा गळून गेली आहे. भागवत, तू तीन पावलं गेलास आणि पडलास.

"मी आत जातो," महारुद्र म्हणाला. त्यानं माझं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही.

मी विचारलं, दारावरचा लाल दिवा बघितलास का. त्यानं बघितला होता. विचारलं, हवेचा मुखवटा शोधतोस का, तो यानाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तो म्हणाला, तोवर भागवत मरेल. त्यानं दाणे एकेक करून माझ्यापुढं सरकवले: गेलो, वाकलो, धरलं, ओढलं. फासा वाईट पडला. पुन्हा ओढलं. दाणे संपले.

आता उरली ईश्वरी. तिला सगळं ठाऊक होतं. दार लावून ती मुखवटा आणायला जाईल आणि थांबूनही वाचवता येतं हे सगळ्यांना दिसेल, असं माझ्या मनात होतं. महारुद्र नुसतं एवढंच म्हणाला, "ईश्वरी, बेल उचललाय आपण." तिनं माझ्याकडं बघितलं, पडलेल्या दोघांपुढच्या रिकाम्या जागेकडं बघितलं, आणि आपले दाणे पुढं सरकवले. तीही आत गेली. हे मी ठरवलेलं नव्हतं. जिला वायू म्हणजे काय ते कळतं, जिला माझा हेतूही माहीत आहे, तीसुद्धा आत गेली. आणि त्या क्षणी मला कळलं की त्या वाडीतले तिघं काही मूर्ख नव्हते.

पण मी थांबलो नाही. मी वाचून ठेवलेलं सगळं सांगितलं. श्वास आत जातो, छाती भरते, पण त्यात काही नसतं. दुखत नाही. आधी गुडघे जातात. मित्र हातभर अंतरावर दिसतो, त्याच्याकडं हात न्यायचा असतो आणि हात ऐकत नाही. हाक मारायची असते आणि तोंड उघडतच नाही. शेवटी म्हणालो, यानातले दिवे चालू आहेत, यान पुढं चाललं आहे, आणि आत कुणी नाही.

महारुद्रनं विचारलं, "पुढं?"

मी म्हणालो, पुढं काही नाही.

"देवी न्हाई?"

नाही.

"दुसरं यान येतंय का?"

येत नाही.

तो आपल्यापुढच्या मोकळ्या जागेकडं बघत राहिला. त्याचा एक हात छातीवर गेला होता, त्याचं त्यालाच ध्यान नव्हतं. चहा न घेताच तो उठला. भागवत म्हणाला, हा कसला खेळ, जीव घाबरा करायला पैसे पडत नाहीत म्हणून काय झालं. पुढच्या वेळी राक्षसवालाच लावू म्हणून त्यानं माझी समजूत घातली.

दोन-तीन दिवसांनी महारुद्र दुकानात आला. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला. मग हळू आवाजात विचारलं, "खरंच असं होतंय का? हात उचलत न्हाई?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "त्या वाडीत तिसऱ्याचा हात दुसऱ्याच्या दंडावर होता. बोटं मी सोडवली. मला वाटलं, लेकाचा ओढत असंल. आता सारखं दिसायलंय, की त्याला ओढायचं होतं अन् हात चालत नव्हता."

त्याच्या कपाळावर घाम होता. इतक्या वर्षांत मी त्याला भ्यालेला बघितला नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा. पण त्याचा तो चेहरा बघून मलाच कसंतरी झालं. तो म्हणाला, आजपासून कॉम्प्रेसरनं तळाशी हवा सोडल्याशिवाय माणूस उतरवणार नाही, वेळ गेला तर गेला. मी म्हणालो, शहाणा आहेस.

त्यानंतर आठवड्याच्या आत भागवतच्याच विहिरीचं काम निघालं. मी निश्चिंत होतो, कधी नव्हे तो. दुपारी दुकानात गर्दी असताना महारुद्रचा फोन आला. मागं बाया ओरडत होत्या. तो एवढंच म्हणाला, "भागवत खाली हाय," आणि फोन बंद झाला.

मी दुकान उघडं टाकून गाडीवर बसलो. कुलूप दोनदा बघणारा मी, गल्ला उघडा टाकून निघालो. कारखान्याच्या रस्त्यानं जाताना माझ्या डोळ्यांपुढं विहिरीच्या तळाशी दोघं दिसत होते. एकाचा हात दुसऱ्याच्या दंडावर. फोन बंद झाला म्हणजे तो उतरला. मी त्याला पुन्हा फोन लावला नाही, कारण उचलला गेला नाही तर काय करायचं हे मला माहीत नव्हतं. मी रडत गाडी चालवत होतो, आणि वाटेत उसाच्या ट्रॅक्टरला घासता घासता वाचलो.

विहिरीवर गाव गोळा झालं होतं. महारुद्र काठावर उभा होता.

काय घडलं ते मला नंतर कळलं. कॉम्प्रेसर सुरू होत नव्हता. महारुद्र म्हणाला, हवा सोडल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, गंगाखेडहून मिस्त्री येऊ दे. भागवत वैतागला. ऊस वाळत होता. तो म्हणाला, खेळात मेलास तेव्हापासून तू पार बायल्या झालास. आणि पायऱ्यांवरून उतरून गेला, मोटारीचा पाइप सोडवायला. महारुद्र धरायला धावला तोवर तो खाली पोचला होता. पोचला आणि बसला. बसला आणि कलंडला. मग शिव्या देत, लाथा घालत महारुद्रनं कॉम्प्रेसर सुरू केला, तेव्हापासून हवेचा पाइप खाली सोडलेला होता.

मी गेलो तेव्हा भागवतचा भाऊ बन्सीधर यारीच्या पायाला दोरीनं बांधलेला होता. तो उतरायला निघाला होता. महारुद्रनं त्याला खाली पाडून बांधलं होतं. बन्सीधर गुरासारखा ओरडत होता. भागवतची आई कस्तुराबाई महारुद्रच्या शर्टाला धरून त्याला विहिरीकडं ढकलत होती. "उतर की रं भाड्या. माहं लेकरू मरायलंय. तुह्या मायनं तुला कशाला जलम दिला?" आणि महारुद्र हलत नव्हता. त्याचे पाय लटलट कापत होते. त्याची पँट ओली झाली होती, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

मी काठावरून वाकून बघितलं. भागवत तळाच्या चिखलात कुशीवर पडला होता. चेहरा अर्धा दिसत होता. इतका जवळ वाटत होता तो. पायऱ्या समोर होत्या, उतरायचं, काखेत हात घालायचे आणि आणायचं, एवढंच काम. आणि मी, मी, पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मला सगळं माहीत होतं. हे सगळं मीच शिकवलं होतं.

"मल्ल्या, मागं हो." महारुद्रनं माझी कॉलर धरून मला ओढलं. "पाइप धर. त्याच्या तोंडाकडं कर. वाकू नको."

मी पाइप धरला. त्यानं कुणाच्या तरी घरून गळ मागवला होता. विहिरीत पडलेली बादली काढायचा लोखंडी गळ प्रत्येक गावात असतो; तीन-चार आकडे एकत्र बांधलेले. तो यारीच्या तारेला बांधून त्यानं खाली सोडला. पहिल्यांदा आकडा भागवतच्या पाठीवरून घसरला आणि शर्ट फाडून आला. दुसऱ्यांदा डोक्याला लागला. वर बायांनी एकच आकांत केला. माणसाला बादलीसारखं काढतोय, म्हणून एक म्हातारा थुंकला. महारुद्र काठावर पोटावर झोपून तार हलवत होता, आणि तोंडानं सारखं "ये, ये, ये" म्हणत होता. मला वाटत होतं की आपण एका प्रेताला गळ टाकतोय आणि हे कुणी बोलत नाही.

शेवटी आकडा कमरेच्या पट्ट्यात बसला. यारी गुरगुरली. भागवत कमरेत वाकून, हात-पाय लोंबकळत, गोल फिरत वर यायला लागला. मध्ये विहिरीच्या भिंतीला आपटला तेव्हा खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज आम्ही ऐकला. वर आल्यावर त्याला उताणं केलं. ओठ निळे पडले होते. महारुद्र त्याच्या छातीवर दाब द्यायला लागला, आणि देतच राहिला. मग भागवतच्या घशातून घाणेरडा आवाज आला आणि तो ओकला. कुणाचं ओकणं बघून मी कधी इतका रडलो नव्हतो.

त्याला परभणीला मोठ्या दवाखान्यात नेलं. खांद्यात पट्टी बसवली, डोक्याला टाके पडले, पाठीवर आकड्यांचे वळ राहिले. पण वाचला. ईश्वरी रोज जाऊन यायची. ती म्हणाली, डॉक्टरांच्या मते बन्सीधर उतरला असता तर दोघंही गेले असते. हे मी गावात ज्याला त्याला सांगत सुटलो. कुणी ऐकून घेतलं नाही. गावात गोष्ट ठरून गेली होती: दोस्त खाली पडला, हा वर उभा राहून मुतला, आणि गळ टाकून त्याला काढला. महारुद्रची ठरलेली कामं एकेक करून दुसऱ्या यारीवाल्याकडं गेली. विहिरीच्या कामाला छातीचा माणूस लागतो म्हणे.

एक दिवस तो दुकानात आला आणि स्टुलावर बसला. दाढी वाढली होती. "तू मला भित्रं केलंस," तो म्हणाला. रागानं नाही म्हणाला. मी म्हणालो, हो, केलं. तो म्हणाला, मी भ्यालो नसतो तर कामाला उशीर झाला नसता, भागवत चिडला नसता, उतरला नसता. हेही खरं होतं. मी रात्रंदिवस तेच घोकत होतो. मी म्हणालो, आणि भ्याला नसतास तर आज तू या स्टुलावर नसतास. तो म्हणाला, "नसतो तं बरं होतं. लोकायनी नाव तरी घेतलं असतं."

ते ऐकून मी खरा घाबरलो. विहिरीचं भय संपलं होतं, हे त्यापेक्षा वाईट होतं. हा माणूस पुढच्या वेळी नाव धुवून काढायला उतरेल, हे मला दुकानात बसल्या जागी दिसलं. भागवत घरी आला होता, पण महारुद्र अजून त्याच्या दारात गेला नव्हता. मी त्याला उठवलं, गाडीवर मागं बसवलं आणि सरळ तिकडं नेलं. वाटेत तो दोनदा म्हणाला, परत फिर. मी ऐकलं नाही.

भागवत ओसरीवर बाजेवर टेकून बसला होता, हात गळ्यात बांधलेला. आम्हाला बघून बन्सीधर उठून आत निघून गेला. भागवतनं महारुद्रकडं बघितलं आणि त्याला काय बोलावं ते कळेना, म्हणून त्यानं मलाच ऊन फार आहे का विचारलं. कस्तुराबाईनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि दारात उभी राहिली. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

महारुद्रच बोलला. मान खाली घालून. "मावशी, लोक म्हणतेत ते खरं हाय. हा मल्लेश सगळ्यायला सांगत फिरतोय, की म्या डोकं चालवून थांबलो. तसं न्हाई. मला उतरायचं होतं. पाय उचलला न्हाई. लय भेव वाटलं म्हणून थांबलो."

कस्तुराबाईनं बाजेवरच्या भागवतकडं बघितलं. मग आत बघितलं, जिथं बन्सीधर पाठ करून बसला होता. एक लेक इथं, एक लेक तिथं.

महारुद्र उठला. जायला निघालेला माणूस वडीलधाऱ्याच्या पाया पडतो तसा वाकला. मला वाटलं, ती पाय मागं घेईल. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"असाच भेत ऱ्हाय, लेकरा," ती म्हणाली. "जल्मभर भेत ऱ्हाय."

महारुद्र तिच्या पायांवरून लवकर उठलाच नाही. आतून बन्सीधर बाहेर आला, आणि त्यानं महारुद्रसाठी दुसरी बाज टाकली.